शेगडीचे भय

निवासी शाळेतून बाहेर पडणारा आमचा मुलगा संविधानाची उद्देशिका न अडखळता म्हणतो, त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवतो. मात्र सुट्टीत घरी गेल्यावर आई तापाने फणफणली, तर कुकरचे झाकण लावण्याचे धाडस त्याला होत नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत ताट आयते समोर आलेले असते. यास आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. ती भीती खरी आहे आणि ती घालवणे हे शाळेचे काम आहे.

भीती असते शिट्टीची, उडणाऱ्या तेलाची, गॅसची. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात, हे तासाला सांगून गळी उतरत नाही. विजेच्या बटणास हात न लावता खिडकी उघडण्याचा आणि रेग्युलेटर बंद करण्याचा सराव केला की उतरते. कुकरचेही तसेच. आत दाब वाढला की पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी ही जादा वाफेला दिलेली वाट आहे. शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून पाहावी, वाफ जिरेपर्यंत झाकणाशी झटापट करू नये. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता गॅस बंद करून वर झाकण ठेवावे. भाजल्यास टूथपेस्ट नको, वाहत्या थंड पाण्याखाली हात धरावा. एवढे कळले की निम्मी भीती जाते. उरलेली दोन-चार भाकऱ्या करपल्यावर.

दुसरी भीती मात्र याहून खोल आहे आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावरून परतून मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत मिळवले गेले. गंगाराम कांबळे यांच्या हातचा चहा लोकांनी प्यावा म्हणून कोल्हापुरात खुद्द शाहू महाराजांना त्यांच्या दुकानी जावे लागले. फार लांब कशाला, २०१७ साली पुण्यात एका स्वयंपाकिणीने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार झाली! शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा आपला मुलगा सुकटीचा वास घरमालकास जाईल म्हणून शेगडीच पेटवत नाही, वडापाववर दिवस काढतो, त्यामागे हे सारे आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ वरच्या वर्गातील मुलांनी वाचावे असे आम्हांस वाटते. आपल्या घरात शिजणारे अन्नही लिहून ठेवण्याजोगे असते, हे तेथे दिसते.

काही पालक म्हणतात, मुलगा साहेब व्हायला पाठवला, आचारी व्हायला नव्हे. स्वयंपाक बायकांनीच करावा, हे मनुस्मृतीच्या वळणाचे बोलणे आपल्याच घरांत ऐकू यावे याचे दुःख होते. बाबासाहेबांना स्वतः रांधून मित्रांना जेवू घालण्याची हौस होती, हे या पालकांच्या कानी कोणी घातलेले नसावे.

येथे एक सीमारेषा आखणे अगत्याचे आहे. स्वयंपाकी कमी पडला म्हणून मुलांना पोळ्या लाटायला बसवणे यास शिक्षण म्हणत नाहीत. ती पिळवणूक आहे. आमचा आग्रह इतकाच, की आठवीपासून पुढे रविवारी सहा-सहा मुलांचा गट मावशींच्या देखरेखीखाली स्वयंपाकगृहात जावा, आणि त्या तासापुरते मावशींना ‘बाई’ म्हणावे, कारण तेव्हा त्याच शिक्षिका असतात. आरंभ पिठले-भातापासून करावा. दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ द्यावा: घरी एक वेळचे जेवण रांधावे आणि आईला आधी वाढावे. पालकांची सही नको. मीठ कमी पडले की जास्त, एवढे लिहून आणावे.