काळा कोट फक्त शहरातल्या पोरांसाठी नाही. कायद्याची ओळख नववी-दहावीतच का हवी?

कायद्याशी कधीच संबंध आला नाही, असं घर गावात शोधून सापडणार नाही. कुठं बांधावरून वाद, कुठं सातबाऱ्यावरच्या नावाची भानगड, कुठं पतसंस्थेची नोटीस, कुठं अपघाताचा दावा. तारखेला जाऊन चपला झिजवलेला एखादा माणूस प्रत्येक गल्लीत आहे.

पण याच गावातल्या हायस्कूलमध्ये "वकील व्हायचं तर काय करावं लागतं?" असं विचारलं, तर वर्ग गप्प होतो. पोलीस भरतीची उंची-छाती, आयटीआयचे ट्रेड, नर्सिंगचा कोर्स हे सगळं पोरांना तोंडपाठ असतं. न्यायाधीश कसा होतो, सरकारी वकील कोण नेमतं, हे मात्र कुणी सांगितलेलंच नसतं.

धडा आहे, ओळख नाही

अभ्यासक्रमात कायदा अजिबात नाही, असं नाही. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधान आहे, आठवीत न्यायव्यवस्थेवर धडा आहे. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश कोण नेमतं, हे पोरगं पाठ करतं आणि पेपरात लिहितं. पण तालुक्याच्या कोर्टात दिवाणी आणि फौजदारी खटल्यात फरक काय, हे त्याला माहीत नसतं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, हेही माहीत नसतं. दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन येतो. काही शाळांत एखादं भाषण होतं, फोटो निघतो आणि विषय संपतो.

याची किंमत घरं मोजतात. साधी उदाहरणं बघा.

पहिलं, गाडीचं. शाळा लांब, एसटी वेळेवर नाही, म्हणून बाप पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात मोटारसायकल देतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे दंड बसल्यावर कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं.

दुसरं, जमिनीचं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या आजही न वाचता होतात. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे ज्या त्या बहिणीनं ठरवावं. पण सही कशावर होतेय, हे तिला कळलं पाहिजे. आज नववीत बसलेली पोरगी उद्या त्याच कागदासमोर बसणार आहे.

तिसरं, लग्नाचं. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल, तर तो २००६ च्या कायद्याखाली बालविवाह ठरतो. लग्न लावणारे आणि ठरवणारेही त्यात अडकतात. वर्गमैत्रिणीचं लग्न ठरतंय हे सगळ्यात आधी वर्गालाच कळतं. १०९८ हा नंबर त्या वर्गाला माहीत असला, तर एक पोरगी शाळेत राहू शकते.

करिअरची वाट, आणि तिथली अडचण

कायद्याचं शिक्षण दोन वाटांनी होतं. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. खुल्या प्रवर्गाला बारावीत ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट ही इंग्रजीतली परीक्षा असते.

गोची वेळेची आहे. क्लॅट सहसा डिसेंबरात होते, म्हणजे बारावीची बोर्डाची परीक्षा व्हायच्याही आधी. सीईटीचे अर्जही निकालाची वाट बघत नाहीत. निकाल लागल्यावर चौकशीला निघालेल्या पोराचं वर्ष गेलेलंच असतं. म्हणून ही माहिती दहावीपर्यंत पोहोचायला हवी.

पुढचा रस्ता फक्त खासगी वकिलीचा नाही. सरकारी वकील, विधी अधिकारी, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश अशी पदं आहेत. अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. वाट मोठी आहे, पण गुळगुळीत नाही. सुरुवातीची काही वर्षं ज्युनिअर वकिलाच्या हातात फारसं काही पडत नाही. त्यात २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवी न्यायाधीश मिळावेत हा हेतू बरोबर आहे. पण घरून पैसे न येणाऱ्या पोरा-पोरींनी ती तीन वर्षं काढायची कशी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दिलासाही आहे. वकिलीची सनद घेताना बार कौन्सिलनं जादा फी घेऊ नये, कायद्यात असलेले ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयेच घ्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला बजावलं. त्याआधी अनेक राज्यांत हीच फी हजारोंच्या घरात होती.

शाळेनं करायचं काय?

यासाठी नवा जीआर लागत नाही. प्रत्येक तालुका न्यायालयाशी जोडलेली तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. शाळांत कायदेविषयक शिबिरं घेणं हे समितीचं कामच आहे. मुख्याध्यापकांनी एक पत्र द्यायचं आहे. कोर्टाचं कामकाज सहसा खुलं असतं, त्यामुळं परवानगी घेऊन नववीच्या वर्गाला अर्धा दिवस तिथं बसवता येतं. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळं पोरांना बरंचसं समजतंही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हा विषय काढावा. वक्ता बोलवायचा तर भाषणापेक्षा पोरांच्या प्रश्नांना जास्त वेळ द्यावा. मुलींच्या प्रश्नांसाठी महिला वकील मिळाली तर उत्तम.

आणि घरासाठी एक गोष्ट. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी हेल्पलाइन आहे १५१००. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि पोरांनाही सांगा.