बैलाचे दात पाहता, उमेदवाराचे कागद का पाहत नाही?

नेकनूरच्या बाजारात बैल घ्यावयास गेलेला आमचा शेतकरी दाव्याला हात लावण्यापूर्वी किती गोष्टी पाहतो! दात पाहतो, खूर पाहतो, भोवरा कोठे आहे ते पाहतो, चार पावले चालवून पाहतो. इतके करूनही मन भरले नाही तर विकणाऱ्याच्या गावचा माणूस गाठून ‘जनावर मारके तर नाही ना?’ म्हणून हळूच विचारतो. मुलीची सोयरीक करावयाची म्हणजे तर पाच गावांत चौकशी. घर, शिवार, कर्ज, व्यसन, सासूचा स्वभाव, काही सुटत नाही. तोच शेतकरी, तोच सुतार, तोच कुंभार पाच वर्षे आपल्या तालुक्याचा कासरा ज्याच्या हाती द्यावयाचा, त्या उमेदवाराविषयी मात्र दोनच गोष्टी विचारतो: जात कोणती, आणि मतदानाला गाडी कोण पाठविणार? हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. पण आपल्या घरची गोष्ट आपण नाही बोलावयाची तर कोणी बोलावयाची?

कोणी म्हणेल, निवडणुकीत एकमेकांच्या भानगडी काढणे काय कमी चालते? चालते, वाजवीपेक्षा जास्त चालते. परंतु ती चौकशी तुमच्यासाठी नसते. समोरच्याचे कर्ज कोठे थकले आहे, कोणती जमीन त्याने केव्हा घेतली, कोणत्या ठाण्यात त्याच्यावर गुन्हा आहे, हे दोन्हीकडच्या वाड्यांवर तोंडपाठ असते. त्यातले तुमच्या ओट्यापर्यंत काय येते? बायकामाणसांविषयीची कुजबूज, जातीवरून मारलेला टोमणा, आणि मोबाइलवर फिरणारे अर्धे खरे अर्धे खोटे चित्र. जे खरोखर कामाचे आहे ते मुठीत झाकलेले राहते. उद्या तडजोडीची वेळ आली तर ते नाणे चालते ना!

आमच्या जिल्ह्यात तर ही मौज अधिकच. विधानसभेच्या जागा सहा: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी समोरासमोर उभी राहिलेली माणसे एकाच आडनावाची. बीडला २०१९ साली पुतणे संदीप क्षीरसागर यांनी काका जयदत्त क्षीरसागर यांस १,९८४ मतांनी पाडले. २०२४ साली त्याच जागी चुलतभाऊ योगेश क्षीरसागर समोर आले आणि ५,३२४ मतांनी हरले. गेवराईतही २०२४ साली पंडितांसमोर पंडितच. परळीत २०१४ साली पंकजा मुंडे यांनी चुलतबंधू धनंजय मुंडे यांस २५,८९५ मतांनी हरविले. २०१९ साली धनंजय यांनी पंकजाताईंस ३०,७०१ मतांनी हरविले. आणि २०२४ साली दोघे एका व्यासपीठावर बसून एकमेकांसाठी मते मागत होते. बहीणभाऊ एक झाले याचे आम्हांस वाईट वाटत नाही. घर सांधले तर चांगलेच. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या दोन निवडणुकांत दोन्हीकडून जे आरोप गावोगाव ओरडून सांगितले गेले, ज्यांच्या पायी एका गल्लीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाणी पिणे सोडले, ते खरे होते की खोटे? खरे होते तर त्यांचा पाठपुरावा कोठे गेला? खोटे होते तर तुमची आमची क्षमा कोणी मागितली? एका घरातल्या माणसांस एकमेकांचे काय ठाऊक नसते? तरी ते कागदावर येत नाही, आणि आम्ही सभेतली भाषणे ऐकून माहिती मिळाली असे समजून घरी येतो.

आणि मग प्रश्न सुचतात केव्हा? २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, ९ डिसेंबरला, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला. तो खटला न्यायालयात आहे आणि त्यात कोण दोषी हे न्यायालय ठरवील. आम्ही त्यावर बोलणार नाही. पण त्यानंतरचे दोन महिने जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर काय चालले होते ते आठवा. कोणाचे ठेके कोणाकडे, पवनचक्कीवाल्यांकडून पैसे कोण मागतो, राखेच्या गाड्या कोणाच्या, बंदुकीचे परवाने कोणाला, असे शंभर प्रश्न लोक विचारू लागले. चांगले प्रश्न! ते नोव्हेंबरच्या आरंभी, सगळ्या उमेदवारांस, सहाही मतदारसंघांत विचारले असते तर त्यांस काही किंमत होती.

जोतीराव फुल्यांच्या काळी कागद कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेला असे, आणि आमच्या आजोबा-पणजोबांस अक्षर येत नसे. म्हणून ते फसले. त्यांस दोष कोण देईल? आज कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर फळ्यावर उघडा टांगलेला असतो, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतो, घरातल्या नववीतल्या पोरीच्या मोबाइलवर उघडतो. आता फसणाऱ्याला दुसऱ्यावर बोट दाखविता येत नाही.

हा कागद आम्हांस कोणत्याही पुढाऱ्याने कृपा करून दिलेला नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सर्व पक्ष एका बैठकीत बसले आणि निकालाला बगल देणारी दुरुस्ती कायद्यात करून मोकळे झाले. न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी तीही मोडली. पुढे २०१३ साली ठरले की शपथपत्रातला रकाना कोरा सोडता येणार नाही. २०१८ साली ठरले की उमेदवाराने आपल्यावरचे खटले वर्तमानपत्रांत तीन वेळा छापावे. फेब्रुवारी २०२० मध्ये तर पक्षांसच विचारले गेले की, खटले असलेला माणूस तुम्ही का निवडला ते लेखी जाहीर करा, आणि ‘तो निवडून येतो’ हे कारण चालणार नाही. ही कारणे पक्ष छापतात. तुमच्यापैकी किती जणांनी ती वाचली?

या शपथपत्राला नमुना २६ म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला नमुना २६ वाचता येतो. जमिनीच्या रकान्यात गाव, गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की विकत घेतलेली, विकत असेल तर तारीख, तेव्हाची किंमत आणि आजचा अंदाजे भाव, सारे लिहावे लागते. तो गट नंबर घ्या आणि सातबारा काढून पाहा. तो आता घरबसल्या पाहता येतो. फेरफार पाहा. मग त्याच माणसाची २०१४, २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रे शेजारी शेजारी मांडा. येथे एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. मालमत्तेचे रुपये वाढले म्हणून लगेच चोर ठरवू नका; रस्ता रुंद झाला की कडेच्या जमिनीचा भाव चढतो, तो तुमच्याही जमिनीचा चढला आहे. रुपयांपेक्षा हेक्टर-आर पाहा. भाव आपोआप वाढतो. क्षेत्र आपोआप वाढत नाही. क्षेत्र वाढले असेल तर शेजारच्याच रकान्यात गेल्या पाच वर्षांचे प्राप्तिकराला दाखविलेले उत्पन्न आहे. पाच आकड्यांची बेरीज करावयाची आणि विचारावयाचे, एवढ्यात एवढे कसे बसले? बायकोचे, अवलंबितांचे आणि एकत्र कुटुंबाचे उत्पन्नही तेथेच आहे. मात्र कमावता मुलगा, भाऊ, मेहुणा यांचे नाव त्या कागदावर येत नाही. तेथे गावची अक्कल चालवावी लागते. वाळूचा ठेका कोणाच्या मेहुण्याचा आहे हे कोणत्या गावाला ठाऊक नसते?

देण्यांचा रकाना तर आमच्या मते सर्वांत बोलका. कोणत्या बँकेचे किती कर्ज, सरकारची देणी किती, वाद कशाचा. आमचा लहान शेतकरी पीककर्जाचे तीस हजार थकले तर सोसायटीच्या माणसाला तोंड चुकवितो. येथे कोटीचे आकडे लिहिलेला माणूस फुलांचे हार घालून दारात येतो. उमेदवार साखर कारखान्याचा अध्यक्ष असेल तर पुण्याच्या साखर आयुक्तांकडील थकबाकीची यादी पाहा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत दर चुकता करावा असा १९६६ पासूनचा हुकूम आहे. तो पतसंस्थेचा वा सहकारी बँकेचा संचालक राहिला असेल तर कायद्याच्या ८३ आणि ८८ कलमांखाली चौकशी झाली काय, त्याच्यावर रक्कम बसली काय, हे विचारा.

खटल्यांचा रकाना वाचताना डोके थंड ठेवा. पीकविम्यासाठी रस्त्यावर बसलेल्यावरही कलमे लागतात आणि ठेवीदाराचे पैसे खाणाऱ्यावरही लागतात. दोघांस एका मापाने मोजणे हा अन्याय होईल. गुन्हा दाखल होणे म्हणजे शिक्षा होणे नव्हे. दोषारोप ठेवले गेले आहेत काय, ते पाहा. तो रकाना निराळा आहे. आणखी एक फसगत सांभाळा. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. ‘चारशेवीस’ आपल्या बोलीत इतके मुरले की लहान पोरालाही समजते. पण नव्या संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे, खुनाचे ३०२ नसून १०३, खंडणीचे ३०८. नव्या गुन्ह्यांत हेच आकडे येतील; जुने नंबर शोधीत बसाल तर माणूस स्वच्छ दिसेल.

आता जातीचे. ‘काही असो, आपला माणूस आहे,’ हे वाक्य आम्ही सर्व पंगतींत ऐकले आहे. मराठ्यांच्या, वंजाऱ्यांच्या, माळ्यांच्या, धनगरांच्या, सर्वांच्या. २०२४ सालच्या दोन्ही निवडणुकांत तर गावेच्या गावे दुभंगली. एकमेकांच्या दुकानातून मीठ न घेण्यापर्यंत मजल गेली. आम्ही विचारतो, बीड जिल्हा मध्यवर्ती बँकेवर प्रशासक आला तेव्हा ठेवी अडकल्या त्या कोणत्या जातीच्या? संचालकांत सर्व पक्षांची माणसे होती आणि रांगेत सर्व जातींची. शेटजी पूर्वी परका होता, म्हणून ओळखू येई. आज तो आपल्याच आळीतला, आपल्याच आडनावाचा, आपल्याच देवाच्या पालखीला खांदा देणारा निघाला, तर तो शेटजी राहत नाही काय? याच जिल्ह्याने १९६७ साली साताऱ्याकडच्या नाना पाटलांस लोकसभेवर पाठविले. ना ते येथले, ना त्यांच्याजवळ कारखाना, ना बँक. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांची जात नव्हे, त्यांचे काम पाहिले होते.

विरुद्ध बाजूचे कागद काढावयास माणसे चटकन तयार होतात. आपल्या उमेदवाराचे काढा म्हटले की पाय जड होतात. आम्ही म्हणतो, कडक तपास आपल्याच माणसाचा करावा. परक्याचा करणारे पुष्कळ आहेत. आमदार असेल तर त्याने पाच वर्षांत सभागृहात ऊसतोडीवर, पाण्यावर, विम्यावर किती प्रश्न विचारले, ते विधिमंडळाच्या कामकाजात छापलेले असते. त्याचा निधी कोणत्या गावी, कोणत्या कामावर, कोणत्या ठेकेदाराकडून खर्च झाला, याची यादी जिल्हा नियोजन कचेरीत आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस भाग आहे.

आणि शपथपत्रात खोटे सापडले तर? छाननीच्या दिवशी आक्षेप घेण्यास उमेदवार आणि त्याची माणसेच आत बसतात, हे खरे. पण कोणाही मतदाराला त्याविरुद्ध आपले प्रतिज्ञापत्र करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देता येते, आणि तेही त्याच फळ्यावर लावावे लागते. खोटे शपथपत्र हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक अर्ज करण्याचा हक्क मतदारालाही आहे, फक्त पडलेल्या उमेदवारालाच नाही. खर्चाचा हिशेबही निकालापासून तीस दिवसांत द्यावा लागतो. २०२४ साली मर्यादा ४० लाखांची होती. तुमच्या गावात किती जेवणावळी उठल्या ते तुम्हीच मोजलेले आहे.

अडचण आहे ती दिवसांची. २०२४ साली माघारीचा दिवस ४ नोव्हेंबर आणि मतदान २० ला. मध्ये अवघे सोळा दिवस. तेच दिवस कोयते बांधण्याचे. उचल घेतलेली, मुकादमाच्या शब्दात बांधलेली टोळी ट्रॅक्टरवर चढलेली असते. कोणी मतापुरते आणले तर आणणाऱ्याच्या चिठ्ठीवर मत पडते. फडावर पाचटाच्या कोपीत नमुना २६ कोण वाचणार? म्हणून वाचावयाचे ते आधी. २०२४ च्या उमेदवारांची शपथपत्रे, निवडून आलेल्यांची आणि पडलेल्यांची, आयोगाने लोकांसाठी खुली केलेली आहेत. पुढल्या वेळी यांतलीच बहुतेक माणसे, नाहीतर त्यांचेच मुलगे-पुतणे, पुन्हा दारात येतील. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी एका रात्री पारावर बसा, वाचता येणाऱ्या पोरीला मध्ये बसवा, आणि ज्याला गेल्या खेपेस मत दिले त्याचा कागद पहिल्याने वाचावयास लावा.