जेद्दाह साडेपाच तासांवर, मग प्रवास पंधरा तासांचा का?

पुण्याहून उमऱ्याला निघालेल्या कुटुंबाला विचारा, किती वेळ लागतो? उत्तर येतं, "विमानाचे पाच-साडेपाच तास." हे उत्तर अर्धंच आहे.

आधी नकाशा पाहू. मुंबई ते जेद्दाह सरळ हवाई अंतर सुमारे 3,520 किलोमीटर आहे, तर पुण्याच्या लोहगावपासून सुमारे 3,640. फरक 120 किलोमीटरचा, म्हणजे आकाशात जेमतेम दहा मिनिटांचा.

आता जमिनीवरचा हिशोब करा. आपल्याकडचे बहुतेक हज-उमरा यात्रेकरू मुंबईहून विमान पकडतात. कोंढव्यातून मुंबई विमानतळ गाठायला ट्रॅफिक धरून चार-पाच तास. तीन तास आधी हजर राहायचं. विमानाचे साडेपाच. जेद्दाहला इमिग्रेशन आणि सामानात दीड-दोन तास. बेरीज चौदा-पंधरा तासांवर जाते, आणि मक्का अजून पुढेच! मीकात विमानातच ओलांडली जाते, म्हणून अनेक जण मुंबईतच एहराम बांधून घेतात. सत्तरीच्या अम्मी-अब्बांना थकवतो तो हा जमिनीवरचा प्रवास.

मग लोहगावहून थेट विमान का नको? कुणी म्हणेल, धावपट्टी लहान आहे, हवाई दलाचा तळ आहे. पण 2 डिसेंबर 2022 ला विस्ताराने याच धावपट्टीवरून थेट सिंगापूरची सेवा सुरू केली. पुणे-सिंगापूर अंतर सुमारे 3,800 किलोमीटर, म्हणजे जेद्दाहपेक्षा जास्तच! तेव्हा अडचण अंतराची नाही.

अडचण दुसरीकडे आहे. भारत आणि सौदी यांच्यातल्या हवाई करारानुसार फेऱ्या ठरतात, लोहगावला हवाई दलाच्या वेळा सांभाळून स्लॉट मिळतात, आणि कंपनीला वर्षभर भरलेल्या सीट हव्या असतात. पुरंदरचा नवा विमानतळ हे उत्तर सांगितलं जातं, पण तिथे सात गावांच्या जमिनीचा प्रश्न आहे. शेतकऱ्यांचा विरोध आहे. त्याला वेळ लागणार.

यातल्या सीटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच हातात आहे. पुण्यातून वर्षाला किती लोक उमऱ्याला जातात, याचे आकडे प्रत्येक टूरवाल्याच्या वहीत वेगवेगळे पडून आहेत. टूरवाल्यांनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी ते एकत्र केले, महिन्यावार मांडले, तर मागणीला वजन येईल. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून 2024 मध्ये केंद्रात नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री झाले. निवेदन कुणाकडे द्यायचं, हे शोधायला लांब जायला नको. फक्त निवेदनासोबत आकडा हवा. नुसत्या भावनेवर विमान उडत नाही.