चाचा कोणाला म्हणायचं?

मराठी शब्दकोशात ‘चाचा’ म्हणजे समुद्रावरचा लुटारू. आमच्या घरात चाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. सातारा-सांगलीकडच्या मुसलमान घरांतली मुलं हे दोन्ही अर्थ दप्तरात घेऊन मराठी शाळेत जातात. घरात दखनी, वर्गात मराठी. तिसरी-चौथीत कधीतरी ‘समुद्री चाचे’ हा शब्द येतो आणि वर्गातली सगळी डोकी एकदोन मुलांकडे वळतात. ‘तुझा चाचापण जहाज लुटतो का रे?’ सगळे हसतात, ती मुलंही हसतात. त्यानंतर मात्र ती वर्गात ‘चाचा’ म्हणायचं टाळतात, ‘काका’ म्हणू लागतात. घरातला एक शब्द उंबऱ्याबाहेर यायचा बंद होतो.

हा विषय निघाला तो माझ्या भाच्याच्या वहीमुळे. तो इंग्रजी माध्यमात पहिलीला आहे. शाळेत ‘पायरेट वीक’ होता. वहीत एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला, खांद्यावर पोपट बसवलेला हसरा पायरेट. त्याच्या शेजारी खजिन्याचा नकाशा, गाळलेली अक्षरं भरायची, मग ‘मी पायरेट असतो तर’ यावर तीन वाक्यं लिहायची. घरच्या काही मोठ्यांना हे थेर वाटले. मला तसं वाटत नाही.

लहान मुलाला वाचायला कारण लागतं. ‘कमल नमन कर’ वाचून हाती काही लागत नाही. पण चिठ्ठीवर ‘पाच पावलं पुढे जा, डावीकडे वळ, पाण्याच्या टाकीमागे बघ’ असं लिहिलं असेल आणि टाकीमागे खरंच चिक्कीची पुडी सापडली, तर अक्षरं कामाची असतात हे त्या मुलाला पक्कं कळतं. केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. समजून वाचणं ते हेच. खुद्द स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरीसुद्धा सावत्र मुलासोबत एका बेटाचा नकाशा काढता काढता सुचली. १८८३ साली ती पुस्तकरूपात आली आणि जगभरच्या मुलांच्या मनातला पायरेट तिथून घडला.

म्हणजे माझी तक्रार खेळाबद्दल नाही. आपण तो खेळ तयार कपड्यांसारखा विकत घेतो, आपल्या मुलांच्या अंगाला बसतो का हे पाहत नाही, ही माझी तक्रार आहे.

त्या हसऱ्या पायरेटचे खरे भाऊबंद आपल्या समुद्रात येऊन गेले आहेत. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. मक्केहून हाजींना घेऊन ते सुरतेला परतत होतं. प्रवाशांचे अनन्वित हाल झाले. चिडलेल्या मोगलांनी सुरतेतल्या इंग्रज कंपनीच्या माणसांना कैद केलं.

आणि याच इंग्रजांनी पुढे पायरेट कोणाला म्हटलं? कान्होजी आंग्र्यांना. कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. साताऱ्याच्या गादीवर बसलेल्या शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनंतर त्यांचं हे पद कायम केलं होतं. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यावा, अशी त्यांची मागणी होती. या परवान्याला दस्तक म्हणत. समुद्रावर परवाने विकायची पद्धत पोर्तुगीजांनी आधीच पाडली होती. ते विकत तेव्हा तो कायदा, कान्होजींनी मागितला की ती चाचेगिरी! १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७३७ साली क्लेमेंट डाउनिंग याचं पुस्तक लंडनला छापलं गेलं, त्याच्या लांबलचक शीर्षकातच आंग्र्यांना ‘पायरेट’ म्हटलं होतं.

केरळच्या कुंजाली मरक्कारांचंही तेच. कालिकतच्या सामुतिरी राजाचे हे मुसलमान नौदलप्रमुख पोर्तुगीजांच्या लेखी चाचेच होते. चौथ्या कुंजालींना १६०० साली गोव्यात मारण्यात आलं. पुढे भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळांना ‘आंग्रे’ आणि ‘कुंजाली’ ही नावं दिली. शत्रूच्या कागदावरचे चाचे आपल्या कागदावर सरखेल झाले.

कोणी म्हणेल, पहिली-दुसरीच्या मुलांना हा इतिहास कशाला? इतिहास नकोच. त्यांना एकच प्रश्न द्या : हे नाव त्याला कोणी ठेवलं? सात वर्षांच्या मुलाला हा प्रश्न बरोबर कळतो. वर्गात कोण कोणाला ‘ढब्ब्या’ म्हणतं, कोण ‘काळ्या’ म्हणतं, आणि ज्याला म्हणतात त्याला काय वाटतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असतं? दुसरी बाजूही सांगावी. ज्या व्यापाऱ्याचा माल आंग्र्यांच्या गलबतांनी अडवला, तो त्यांना सरखेल म्हणत नसणार. मुलांना दोन चिठ्ठ्या लिहू द्या, एक व्यापाऱ्याची, एक सरखेलाची. एकाच घटनेच्या दोन चिठ्ठ्या वाचणारं मूल पुढे मोबाइलवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबेल, अशी मला आशा आहे.

दस्तक लिहिणं तर लेखनाचा उत्तम पाठ आहे. जहाजाचं नाव काय, मालक कोण, माल कोणता, कुठून कुठे, माणसं किती. पाच ओळी आणि खाली शिक्का. माण-खटाव किंवा जतच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसेल, पण त्याच्या जहाजात डाळिंबं आणि ज्वारी भरता येते. होडी तर आपल्या मुलांना चांगली ठाऊक आहे. सांगलीच्या मुलांनी २०१९ च्या महापुरात आपल्याच गल्लीतून बोटी जाताना पाहिल्या. जावळी तालुक्यातल्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली स्वतःहून दखल घेतली. या मुलींना काळी पट्टी आणि पोपट देऊन ‘कल्पना करा’ म्हणायचं? त्यांनी जे लिहिलं असतं, ते आधी आपण वाचायला हवं.

खेळात भूमिका वाटतानाही जरा जपावं. स्नेहसंमेलनात वर्गातल्या अस्लमला सिद्दी नाहीतर अफजलखान करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. १६७९ साली खांदेरी बेटावर शिवरायांच्या वतीने इंग्रजांशी झुंजणाऱ्यांत मायनाक भंडारी होते, तसेच दौलतखानही होते. समोर इंग्रजांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी होता. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होते. वर्गातल्या अस्लमला दौलतखान करून पाहा आणि एखाद्या संकेतला सिद्दी. दोघंही मजेत खेळतील आणि दोघांच्याही मनात काहीतरी सैल होईल.

राहिला घरच्या शब्दाचा प्रश्न. याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, ते सातारा जिल्ह्यातच आहे. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या, भारतीय झाल्या. फलटणमध्ये लोक कसे वेगवेगळं मराठी बोलतात, यावर त्यांनी पीएच. डी. केली. मग प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं करून मुलांना वाचायला शिकवलं. आधी माणसांचं बोलणं कान देऊन ऐकलं, मग शिकवलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

वर्गात ‘चाचा’ शब्दावर हशा पिकला तर शिक्षकांनी तो दाबू नये. फळ्यावर शब्द लिहावा आणि विचारावं, याचे तुमच्या घरी काय अर्थ आहेत? वडिलांच्या भावाला कोण काय म्हणतं? काका, चुलता, अप्पा, चाचा. चार शब्द फळ्यावर आले की एक अर्थ लुटारू आणि एक अर्थ घरचा माणूस, हे मुलं सहज पचवतात. मग त्यांना ‘माझा चाचा’ असे दोन निबंध लिहायला सांगा. एकात जहाज असेल. दुसऱ्यातला चाचा मिरजेत सतारी बनवत असेल, कऱ्हाडला गॅरेज चालवत असेल, नाहीतर द्राक्षाच्या गाड्या घेऊन दूर जात असेल. दोन्ही निबंध वर्गात मोठ्याने वाचले जावेत. मराठी शाळेकडून मुसलमान पालक म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.