गच्चीवरची प्रेअरी

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील लुरी गार्डनचे कौतुक करताना ‘शहराने आपली प्रेअरी परत आणली’ अशा धाटणीची वाक्ये लिहिली जातात. त्यांतील ‘परत’ या शब्दाला आमचा आक्षेप आहे.

२००४ साली खुली झालेली ही बाग भुईवर नाही, वाहनतळाच्या छतावर आहे. पीट आउडॉल्फ यांनी तिथे प्रेअरीच्या वनस्पतींबरोबर युरोपीय जातीही लावल्या. बाग म्हणून ती देखणी आहेच. तिच्या उंच हिरव्या कुंपणामागे कार्ल सँडबर्ग यांच्या ‘शिकागो’ (१९१४) या कवितेतील प्रतिमा आहे. म्हणजे ही बाग प्रेअरीवरचे भाष्य आहे. आणि भाष्याला मूळ संहिता समजण्याची चूक साहित्याच्या अभ्यासकाने तरी करू नये.

मूळ संहितेचे काय झाले? इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३३च्या करारानंतर पोटावाटोमींना शिकागो परिसरातील आपली भूमी सोडावी लागली. १८३७ साली जॉन डीअर यांनी घडवलेल्या पोलादी नांगराने ती चिवट माती उलथणे सोपे केले. आज चांगल्या स्थितीतील मूळ प्रेअरी जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे.

प्रेअरी म्हणजे केवळ फुले नव्हेत. खोल गेलेली मुळे, चरणारे गवे आणि अधूनमधून लागणारा वणवा हे सारे तिच्यात येते. मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३५ पासून जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी उभी करायला घेतली. आगीवाचून ती टिकत नाही, हे तिथल्या प्रयोगांतून उमगले. ते काम अजूनही चालूच आहे. ‘पुनःस्थापना’ हा शब्द शोभतो तो तिथे.

मिलेनियम पार्कमध्येच मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे शिल्प आहे. त्याच्या आरशासारख्या पोलादात गगनचुंबी इमारती दिसतात आणि आपण दिसतो. शहर स्वतःलाच न्याहाळते आहे, हे ते लपवत नाही. बागेच्या स्तुतिपाठकांपेक्षा ते शिल्प अधिक प्रामाणिक आहे.

यावर कोणी म्हणेल, निदान लोकांना प्रेअरीची ओळख तरी होते. होते ना; पण हानी भरून निघाल्याचे खोटे समाधानही तिथे फुकट मिळते.

हा दोष केवळ अमेरिकेचा नव्हे. माळढोकाच्या माळरानाला आपणही ‘पडीक’ म्हणत आलो आहोत. ते संपले, की एखाद्या मॉलच्या गच्चीवर चार ठोंब कुसळीचे लावून आपणही म्हणू, ‘परत आणले’.