उमेदवारीचा उंबरठा

सन २०२४ च्या दीपोत्सवात पनवेलकरांच्या वाट्यास एक विलक्षण योग आला. विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत ऐन धनत्रयोदशीस, २९ ऑक्टोबरला संपली, दुसऱ्या दिवशी छाननी झाली, आणि माघारीस ४ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे भाऊबीज उलटून जाईपर्यंत, अवधी राहिल्यामुळे नाराजांच्या मनधरणीसाठी घरोघर जाणाऱ्या मंडळींस फराळाची सबब आयतीच मिळाली.

कोणास तिकीट मिळाले याची चर्चा तेव्हा उदंड झाली. उभे राहण्याचा अधिकार मुळात कोणास आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. संविधानाचा १७३ वा अनुच्छेद भारताचे नागरिकत्व, पंचवीस वर्षांचे वय आणि शपथ एवढेच मागतो, आणि १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा त्यात राज्यातील कोणत्याही मतदारयादीत नाव असण्याची भर घालतो. त्यामुळे चंद्रपूरचा मतदार पनवेलमधून खुशाल उभा राहील, त्याचे सूचक तेवढे येथील यादीतले हवेत, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक आणि अपक्षास दहा. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला सामान्यतः अपात्र ठरतो. पण कच्च्या कैदेतील इसमास मत देता येत नसताना मत मागता मात्र येते, ही गंमत कायद्याने जाणूनबुजून राखली आहे.

कायदा राबविणाऱ्याकडून मोठी पात्रता मागणारे आपण कायदा करणाऱ्याकडून काहीच मागत नाही, अशी खंत राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलून दाखविली होती. ती आम्हांस समजते, पटत नाही. पनवेलचे पाच वेळा आमदार झालेले दि. बा. पाटील स्वतः वकील असल्याने शिक्षणाची अट त्यांच्या आड आली नसती. परंतु १९८४ साली जासईच्या परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जे शेतकरी त्यांच्यामागे उभे राहिले आणि ज्यांच्यातील पाच जण गोळीबारात पडले, त्यांच्यापैकी कितीकांना तिने उंबरठ्याबाहेरच ठेवले असते!

पैशाचा अडसर निराळा. दि. बा. १९५७ साली प्रथम निवडून आले तेव्हा विधानसभेची अनामत सर्वसाधारण उमेदवारास अडीचशे रुपये होती; आज ती दहा हजार आहे, आणि वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास जप्त होते. अर्थात जेथे खर्चाची अधिकृत मर्यादाच चाळीस लाख, तेथे अनामतीचे दुःख कोणी करावे?

खरी विसंगती आढळते ती आमच्या महानगरपालिकेत. १८५२ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेचा वारसा सांगणाऱ्या या संस्थेत एकविसाव्या वर्षी नगरसेवक होता येते. पण १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्यास तिसरे अपत्य झाले, त्यास गल्लीच्या गटाराविषयी सभागृहात बोलण्याची मनाई, आणि तोच गृहस्थ विधानसभेचा अर्ज घेऊन प्रांतांच्या कचेरीत गेला, तर तेवढ्या कारणास्तव तो फेटाळता येत नाही. आमदारांनाही तीच अट लावा, असा सूर वारंवार निघतो. खालच्या दाराचाच अडसर काढावा, असे आमचे मत आहे. तो काढण्याचा अधिकार अर्थातच ज्यांना तो स्वतःस लागू नाही, त्यांच्याच हाती आहे.