माणसं मिळत नाहीत की घेतली जात नाहीत?

‘अर्ज हजारोंनी येतात, लायक माणूस मिळत नाही. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. जात, गाव, घराणं पाहत नाही.’ मोठ्या कंपनीत भरती करणाऱ्या एका साहेबांनी हे परवा भर सभेत सांगितलं. टाळ्याही पडल्या. मला संताप आला. गुणवत्ता पाहायची तर आधी माणूस पाहावा लागतो आणि तिथेच सगळं अडतं.

कॅम्पस भरतीतली नेहमीची अट घ्या. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के. वर बॅकलॉग नको, गॅप नको. परभणीकडच्या एखाद्या मुलाला दहावीला ५८ टक्के पडतात. पुढे तो डिप्लोमा करतो, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येतो, शेवटच्या वर्षी वर्गातल्या निम्म्या पोरांचे प्रोजेक्ट त्याच्याच मदतीने उभे राहतात. पोर्टलवर तो टक्के भरतो आणि ‘नॉट एलिजिबल’ अशी ओळ येते. त्याचा कोड कुणी उघडूनही बघत नाही. सोळाव्या वर्षी इतिहास-भूगोलात किती गुण पडले, यावरून बाविसाव्या वर्षी त्याला डेटाबेस येतो की नाही हे ठरवायचं, ही कुठली रीत? वडील गेले म्हणून वर्ष बुडालेल्या मुलीला तर ‘गॅप का?’ असं विचारायलाही समोर कुणी नसतं. फॉर्मच पुढे सरकत नाही. अर्ज फार येतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते, असं यावर सांगतात. मारा ना, पण कामाच्या चाचणीवर मारा. ऑनलाइन चाचणी पाचशेंऐवजी पाच हजारांना दिली म्हणून एवढ्या मोठ्या कंपनीचं दिवाळं निघत नाही. स्वतःच्या सोयीला गुणवत्ता म्हणू नका.

जात पाहत नाही म्हणता? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. वेगळी होती ती फक्त नावं. निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेचा धोशा लावणारे या निष्कर्षांबद्दल कधी बोलत नाहीत.

जातीचं तसंच बाईपणाचं. मुलाखतीत लग्नाचा प्रश्न आजही मुलींनाच विचारला जातो; खरं तर भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती.

मग करायचं काय? पहिल्या छाननीत नाव आणि कॉलेज झाका. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. मुलाखत घेणाऱ्यांनी आपापले गुण आधी लिहावेत, मग बोलावं. नाकारलेल्याला दोन ओळींचं उत्तर द्या. यातल्या कशालाही वेगळं बजेट लागत नाही.

भरतीच्या खुर्चीत बसलेल्यांना माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या कॅम्पसला निघण्याआधी दहावीच्या टक्क्यांची अट फॉर्ममधून काढून टाका.